स्पीकरांचा घाट

मे महिना लागला की आपल्या सीमाभागात तीन गोष्टींची एकदमच घाई उडते. लग्ने, लोणची आणि बिऱ्हाडबदल! शाळा संपलेल्या असतात, बदल्यांचे हुकूम निघालेले असतात आणि पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असतो. अशा दिवसांत चोर्ल्याच्या रस्त्याने जावे, तर गाद्या, कपाटे, मुलांची सायकल आणि सगळ्यांत वर तुळशीची कुंडी घेऊन चाललेला एखादा टेंपो हटकून भेटतो.

बिऱ्हाड हलवताना फ्रिज उभाच ठेवावा, काचेची भांडी कपड्यांत गुंडाळावीत, देव मांडीवर घ्यावेत, हे आपल्या घराघरांतून पाठ असते. पण दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोठ्या स्पीकरांबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. त्यांच्यावर क्रोशाचा रुमाल असतो, रुमालावर फुलदाणी असते. त्यामुळे ते फर्निचरच वाटतात. हमालही त्यांना फर्निचरसारखेच उचलतात, आणि नव्या घरी गाणे लावले की आवाजात खरखर येते.

वाचकहो, आज या सदरात हाच विषय घेतला आहे. गेल्या वर्षी असे दोन स्पीकर सर्वणहून बेळगावला सुखरूप आले. ते कसे आले, हे मी जवळून पाहिले. त्यातले बरेचसे कुणाच्याही उपयोगी पडावे असे आहे.

न्यावेत की विकावेत?

सर्वण म्हणजे डिचोली तालुक्यातले, डिचोली आणि साखळीच्या मधले गाव. पंचायत कारापूर-सर्वण अशी जोडीची. माझी धाकटी मावशी आणि काका तिथे राहत. काका मूळचे खानापूर तालुक्यातले. ऐंशीच्या दशकात खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून गोव्याला गेले ते तिथलेच झाले. डिचोलीच्या आसपास अशी कितीतरी कुटुंबे आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही सुरूही झाल्या. पण तोवर अनेकांची मुले घाट चढून बेळगाव, हुबळी, पुण्याकडे गेली होती. काकांचा मुलगाही बेळगावात स्थिरावला. सून धारवाडची. घरात नातवाशी आई कन्नडमध्ये बोलते, बाप मराठीत, आणि नातू ज्याला जे हवे ते बोलून दोघांकडूनही खाऊ उकळतो!

काकांची सत्तरी उलटली, मावशीचे गुडघे बोलू लागले, तेव्हा मुलाने ठरवले की आता सगळ्यांनी एकत्र राहायचे. सामानाची यादी झाली. यादीत शेवटी आले स्पीकर. दोन पेट्या, प्रत्येकी तीन फूट उंच, बारा इंची वूफर, वजन तिसेक किलो. त्या काळी हौशी मंडळी करत तसे काकांनी आतले स्पीकर विकत आणून प्लायवुडची पेटी गावच्या सुताराकडून करून घेतली होती.

मुलगा म्हणाला, “बाबा, एवढे धूड कशाला? विकून टाकू. मी तुम्हाला छोटासा ब्लूटूथवाला आणतो. हातात मावेल.”

काका काही बोलले नाहीत. बोलली ती सूनबाई. ती म्हणाली, “आमच्या धारवाडच्या घरी अज्जांचा मोठा रेडिओ होता. आकाशवाणी लावून ते दिवसभर हॉलमध्ये बसायचे. एकदा ते दवाखान्यात असताना घरच्यांनी साफसफाई केली आणि रेडिओ देऊन टाकला. अज्जा परत आले, कुणाला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर हॉलमध्ये बसायचे बंद झाले. मामा, तुमचे स्पीकर आपण नेऊया.”

प्रश्न तिथेच सुटला. मोठे स्पीकर नेण्याआधी पहिला निर्णय हाच असतो, आणि तो टेंपोवाल्याने किंवा मुलांनी परस्पर घ्यायचा नसतो. जो माणूस ते ऐकतो, त्याला विचारावे. त्याला नको असतील तर आनंदाने विकावेत. पण हवे असतील तर मग ‘आणले कसेबसे’ असे करू नये, नीट न्यावेत. कारण कसेबसे नेलेले स्पीकर नव्या घरी बहुधा मुके होऊनच उभे राहतात.

पेटीच्या आत काय असते?

काय जपायचे हे कळले तर कसे जपायचे हे आपोआप कळते. म्हणून आधी दोन शब्द आतल्या यंत्राबद्दल. आज आपल्या घरात असतो तशा स्पीकरची रचना अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. शंभर वर्षे झाली, तरी गाभा तोच आहे. मागे एक जड लोहचुंबक, त्याच्या गोल फटीत तारेचे हलके वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा तशाच हलक्या वस्तूचा शंकू. वेटोळ्यातून वीज गेली की ते पुढे-मागे हलते, शंकू हवा ढकलतो, आणि आपल्याला गाणे ऐकू येते.

गंमत अशी की, चुंबक दोन-चार किलोचा आणि वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा मात्र एक मिलिमीटरहूनही कमी. पेटी आपटली की चुंबक जागचा किंचित सरकतो किंवा लोखंडी सांगाडा किंचित वाकतो. बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. पण वेटोळे फटीच्या कडेला घासू लागते. तीच ती खरखर.

गणपतीत मंडळांच्या ‘डॉल्बी’च्या पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, कडेला खोबणीत बसवलेल्या मुठी, पुढे जाड पत्र्याची जाळी, खाली चाके. त्या पेट्या फिरण्यासाठीच जन्माला आलेल्या. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांना बाहेरगावच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मोठा स्पीकर मावेना, म्हणून त्यांनी मुद्दाम लहानसा, गाडीत बसेल असा स्पीकर तयार केला. ‘एलएस थ्री फाइव्ह ए’ या नावाने तो पुढे जगभर गाजला. म्हणजे प्रवासाचा स्पीकर वेगळा आणि घरचा वेगळा. आपल्या घरच्या स्पीकरला मूठ नसते, टोपी नसते, पुढे नुसते कापड असते. तो बैठकीचा गवई आहे, त्याला दिंडीची सवय नाही!

बांधण्याआधीची तयारी

काकांनी तयारी आठवडाभर आधी सुरू केली. आधी पुढचे कापडाचे आवरण काढून मऊ ब्रशने धूळ झाडली. सर्वणची लाल धूळ कुठे कुठे बसते हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. धूळ काढायला जोराचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नये. शंकूच्या मधली घुमटी आत-बाहेर ओढली जाऊन चुरगळते. पेटीला हवेसाठी नळीसारखे भोक असेल तर टॉर्च लावून आत पाहावे. कोकण-गोव्यात तिथे कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, कधी झुरळे असतात, कधी पाल. ही बिऱ्हाडे मागेच राहिलेली बरी.

मग शंकूच्या कडेची लवचीक पट्टी पाहिली. जुन्या स्पीकरांत ती स्पंजची असते, आणि दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत चिकट होऊन तिचा भुगा पडू लागतो. बोट हलकेच टेकवून पाहा. पट्टी चिकटत असेल तर ती वाटेतच फाटणार. अशी पट्टी नवी बसवून मिळते, त्यासाठी अख्खा स्पीकर टाकायची गरज नसते. काकांच्या स्पीकरांना रबराची पट्टी होती, ती शाबूत निघाली.

त्यानंतर तारा. कुठली तार कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढावा. धन टोकाला लाल चिकटपट्टी, उणे टोकाला काळी. तारा लोंबत ठेवू नयेत, काढून गुंडाळून पिशवीत घालाव्यात. आणखी एक जुनी युक्ती आहे. स्पीकरच्या मागची दोन टोके आखूड तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडायची. शंकू धक्क्याने हलला की वेटोळ्यात वीज तयार होते, ती या तारेतून फिरते आणि हलण्यालाच विरोध करते. त्यामुळे शंकूला थोडा आवर बसतो. पण नव्या घरी अँप्लिफायर जोडण्याआधी हा तुकडा आठवणीने काढलाच पाहिजे, नाहीतर अँप्लिफायर जळेल. काकांनी त्या तुकड्याला लाल रिबिनच बांधली होती, नातवाच्या वाढदिवसाच्या केकवरची!

पेटीखाली टोकदार पाय असतील तर काढून ठेवावेत. ते दुसऱ्या सामानात घुसतात आणि हमालाच्या पायावरही पडतात. निघण्याआधी दोन्ही स्पीकर वाजत असतानाचा छोटा व्हिडिओ आणि पेटीच्या चारही बाजूंचे फोटो घ्यावेत. आत काय बिघडले हे बाहेरून दिसत नसल्याने उद्या वाद झाला तर हाच पुरावा.

वादावरून आठवले. रस्त्याने माल नेण्याबाबत २००७ चा कायदा आहे. मालाची किंमत आधी लेखी सांगून जादा दर भरला नसेल, तर नुकसान झाल्यावर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादितच राहते. म्हणून पावतीवर नुसते ‘घरगुती सामान’ न लिहिता ‘स्पीकर दोन, किंमत अमुक’ असे लिहून घ्यावे. विमा काढणार असाल तर तोही याच यादीवर. काकांकडे आधी एक सामान हलवणारे गृहस्थ पाहणी करून गेले होते. ते म्हणाले, “हे आडवे टाकू, वर तांदळाची पोती ठेवू, हलणार नाहीत.” काकांनी त्यांना चहा पाजला आणि दुसरा टेंपोवाला शोधला.

कपडे घालण्याचा क्रम

मूळ खोके आणि त्यातला थर्माकोल असेल तर त्याला तोड नाही. माळ्यावरचा तो पसारा म्हणूनच जपायचा असतो. नसेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी पुठ्ठा, मग सुती चादर, मग गोधडी, सगळ्यांत बाहेर प्लास्टिक.

पुढच्या बाजूला जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा तुकडा पेटीच्या कडांवर टेकेल असा लावायचा. शंकूला त्याचा स्पर्शही होता कामा नये. ‘मऊ राहील’ म्हणून तिथे उशी किंवा थर्माकोल कोंबणे सगळ्यांत वाईट. हमालाचे बोट शंकूत जाते ते इथेच. घट्ट बांधताना कुठेतरी धरायचे म्हणून तो पुढूनच धरतो.

प्लास्टिक किंवा बुडबुड्यांचा कागद पॉलिश केलेल्या लाकडावर थेट गुंडाळू नये. मेच्या उन्हात, दमट हवेत पॉलिश नरम पडते आणि बुडबुड्यांचे ठसे त्यावर कायमचे उमटतात. म्हणून आधी सुती चादर. कोपऱ्यांना दुमडलेल्या पुठ्ठ्याच्या टोप्या कराव्यात. आणि बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘पुढची बाजू’ आणि ‘वर’ असे लिहावे. सूनबाईने ते मराठीत लिहून खाली कन्नडमध्येही लिहिले, कारण चढवणारे हात गोव्याचे होते आणि उतरवणारे बेळगावचे.

लोहचुंबकाचे एक पथ्य फार महत्त्वाचे. पलंग, कपाटे सोडवली की सुटे स्क्रू, खिळे घरभर पसरतात. ते स्पीकरजवळ ठेवू नयेत. चुंबक त्यांना ओढतो आणि वाटेत असतो तो कागदाचा शंकू. पेटीच्या पुढे लोखंडी स्क्रूड्रायव्हर घेऊन काम करतानाही हाच धोका. हातातून ओढला जाऊन आरपार जातो.

आणि कॅसेट! काकांकडे खोकेभर कॅसेट होत्या. त्यांतल्या दोन-तीन विकतच्या नव्हत्या. मावशीच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, ओव्या म्हणतानाचा आवाज होता. चुंबकाला चिकटून प्रवास झाला तर कॅसेटवरचा आवाज पुसट होऊ शकतो. म्हणून ते खोके टेंपोत गेलेच नाही. मावशीने ते मोटारीत मांडीवर घेतले. एका बाजूला देव, एका बाजूला आजी. तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर त्या वेगळ्याच न्या, आणि जमेल तेव्हा मोबाइलवर किंवा संगणकावर उतरवून घ्या.

तबकड्या असतील तर त्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. बंद टेंपोत ऊन लागले की त्या वाकतात. ग्रामोफोनची सुईची दांडी बांधावी, मागचे वजन आणि फिरती थाळी काढून वेगळी गुंडाळावी.

सुटे भाग त्या त्या वस्तूसोबतच जावेत, हे शिकण्यासारखे एक मोठे उदाहरण आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडी ॲल्युमिनियमच्या वेष्टनात घालताना सोबत सुई दिली, आणि वाजवायची कशी ते वर चित्रांनी कोरले. ताऱ्यांकडे जाणाऱ्या सामानाला सुई आठवणीने बरोबर बांधता येते, तर बेळगावला जाणाऱ्या स्पीकरच्या तारा ‘बहुतेक त्या स्वयंपाकघराच्या खोक्यात असतील’ असे का व्हावे?

एक, दोन, तीन की ओंदु, एरडु, मूरु?

स्पीकरला सगळ्यांत जास्त इजा रस्त्यावर होत नाही. घराच्या उंबऱ्यापासून टेंपोपर्यंतची दहा पावले आणि टेंपोपासून नव्या घरातली दहा पावले, घात तिथे होतो.

तीस किलोची पेटी एकट्याने उचलू नये. उचलणाऱ्याने घड्याळ, कडे, पट्ट्याचे बक्कल काढावे. पेटीचे वजन सारखे वाटलेले नसते; चुंबक पुढच्या फळीवर असल्याने ती पुढे झुकते. म्हणून एक हात तळाखाली, एक हात मागे-वर. जिन्यावर खालच्या पायरीवरच्या माणसाकडे जास्त भार येतो, तेव्हा दोघांतला दणकट गडी खाली.

सर्वणला एक गडी कोकणी बोलणारा होता, दुसरा खानापूरकडचा. कोकणी गडी म्हणे, “सवकास व्हर रे, सवकास!” दुसरा म्हणे, “निधान री, निधान!” काका मधे उभे राहून म्हणत होते, “सावकाश, सावकाश.” तिघेही एकच सांगत होते आणि तिघांचेही खरे होते. पण उचलताना एकाने ‘एक, दोन, तीन’ मधल्या तीनला जोर लावला आणि दुसऱ्याने ‘ओंदु, एरडु, मूरु’ संपवून मग. पेटी एका बाजूने वर, एका बाजूने जमिनीवर! सुदैवाने खाली गोधडी होती. काकांनी दोघांना थांबवले आणि सांगितले, “मोजायचे ते एकाच भाषेत, आणि शेवटचा आकडा उच्चारतानाच उचलायचे.” कन्नड ठरली. कोकणी गड्याने दोन मिनिटांत तीन आकडे पाठ केले. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भाषा कुठलीही चालेल, पण ओझ्याखाली असताना एकच.

टेंपोत जागा कुठे?

इथे काकांची नोकरी कामी आली. आयुष्यभर खाणीच्या ट्रकांच्या पाटा-स्प्रिंगा बदललेला माणूस! ते म्हणाले, “अगं, रिकामा ट्रक भरल्या ट्रकपेक्षा जास्त उडतो. स्प्रिंग भारासाठी बनवलेली असते. भार नसला की ती दगडासारखी.” म्हणून दोन स्पीकर आणि चार खोकी घेऊन मोठा टेंपो नेण्यापेक्षा ते भरल्या सामानाबरोबर गेलेले बरे. आणि जागा मागच्या फाळक्याजवळ नाही. मागच्या चाकांच्याही मागचा भाग सगळ्यांत जास्त उसळतो. स्पीकर पुढे, ड्रायव्हरच्या केबिनला लागून.

दोन्ही उभे ठेवावेत, तोंडे एकमेकांकडे करून, मधे जाड पुठ्ठा. म्हणजे दोघांचीही नाजूक बाजू झाकली जाते. खाली घडी घातलेले जाजम किंवा रबराची चटई. गादीवर उभे करू नयेत, डगमगतात. गाद्या बाजूंना लावाव्यात. वरती काहीही नाही. उभे ठेवणे अशक्यच असेल तर पाठीवर, तोंड आकाशाकडे. पालथे कधीच नाही.

बांधताना काथ्याच्या दोरीपेक्षा रुंद पट्टा चांगला. दोरीच वापरायची तर कडांवर पुठ्ठ्याचे तुकडे, नाहीतर ती लाकूड कापते. पट्टा दोन दिशांनी हवा. घाटात टेंपो चढतो तेव्हा सामान मागे ओढले जाते आणि वळणावर बाजूला.

घाट आणि चौकी

सर्वणहून बेळगावला यायला साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी हा रस्ता जवळचा. शंभर किलोमीटरांच्या आतला. (हे केरी सत्तरीतले; केसरबाईंचे केरी फोंडा तालुक्यातले.) दोडामार्गवरून तिलारीचा घाटही आहे, पण त्याचे चढ आणि वळणे भरल्या टेंपोला नकोत. तिसरा मार्ग मोले, अनमोड, रामनगर, खानापूर असा. पावसाळ्यात घाटांत दरड येते, अवजड वाहनांवर बंदी येते. निघण्याच्या आदल्या दिवशी कोणता घाट चालू आहे ते विचारून घ्यावे. काकांनी मेचा तिसरा आठवडा निवडला, तरीही ताडपत्री घेतली. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचे उगमस्थान, तिथे ढगाला तारीख विचारून चालत नाही.

पहाटे निघावे. ऊनही कमी, वाहनेही कमी. केरीला एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. पहिल्या काही किलोमीटरांत सामान बसते आणि पट्टे सैल होतात. चढाला लागण्याआधी हे पाच मिनिटांचे काम चुकवू नये.

आता चौकी. गोव्याहून येणाऱ्या गाडीत तपासणारे काय शोधतात हे काय सांगायला हवे! तीन फुटी पोकळ पेटी पाहिली की त्यांना संशय येणारच. चौकीवरच्या शिपायाने विचारले, “आत काय आहे?” काका म्हणाले, “मल्लिकार्जुन मन्सूर.” शिपाई हसला, पण तरीही त्याने पाहायला मागितले, आणि ते त्याचे कामच होते. म्हणून पेटीला सात थर चिकटपट्टी लावू नये. पुढचा पुठ्ठा सहज उघडेल अशी एक बाजू ठेवावी, आणि उघडे स्पीकर दाखवणारा फोटो मोबाइलवर तयार ठेवावा. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचे ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची सहीची यादी आणि नव्या पत्त्याचा एखादा कागद जवळ असला की बोलणे लवकर संपते. आणि पेटीच्या पोकळीत कुणी मित्राने ‘एवढे एक नेशील का?’ म्हणून काही ठेवायला दिले, तर हात जोडावेत.

नव्या घरी

पोहोचल्या दिवशीच गाणे लावायची घाई करू नये. पेटीची बांधणी सोडवावी, रात्रभर तशीच उभी ठेवावी. गोव्याच्या दमट हवेतून बेळगावच्या हवेत आलेल्या लाकडालाही बसायला वेळ लागतो. भिंतीला ओल असेल तिथे टेकवू नये. दाबलेल्या भुशाच्या फळीची पेटी असेल तर ती ओलीने फुगते.

दुसऱ्या दिवशी तपासणी. मोठ्या शंकूवर दोन्ही हातांची बोटे मधल्या घुमटीच्या बाहेर सारख्या अंतरावर टेकवून अगदी हलके आत ढकलावे. आवाज न करता आत गेला आणि परत आला, तर वेटोळे ठीक. खसखस ऐकू आली तर वाजवू नये, कारागिराला दाखवावे. लहान ट्वीटरला मात्र बोट लावायचे नाही. मग दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याचे धन टोक लाल खुणेला आणि उणे टोक काळ्या खुणेला क्षणभरच टेकवावे. शंकू बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरांचा. एकाची तार उलटी लागली तर आवाज येतो, पण खर्ज हरवतो आणि गायक खोलीत नेमका कुठे बसलाय तेच कळत नाही. नव्या घरात ‘इथे पूर्वीसारखे वाजत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी ही तार पाहावी.

काकांनी लाल रिबिनीचा तुकडा काढला, तारा जोडल्या, आवाज अगदी कमी ठेवला. पहिल्यांदा लावायला नेहमीच्या ऐकण्यातला, ओळखीचा आवाज घ्यावा; बिघाड असेल तर तो ओळखीच्या आवाजातच लवकर कळतो. त्यांनी मन्सूरांची वचने लावली. सूनबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आली आणि शब्द म्हणू लागली. काकांनी चाळीस वर्षे ती वचने ऐकली होती, पण अर्थ त्यांना अर्धाच कळत असे. खानापूरची कन्नड गोव्यात राहून विसरली होती. त्या दिवशी सुनेने त्यांना एकेक ओळ समजावून सांगितली. मग काकांनी अभिषेकीबुवांचे नाट्यगीत लावले आणि तिला समजावून सांगितले. आता रोज संध्याकाळी असा तासभर जातो, असे मावशी फोनवर सांगते. शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून आठनंतर बंद, हा नियम मावशीचा.

मंडळी, एवढे सगळे वाचून कुणी म्हणेल, दोन पेट्यांसाठी केवढा हा खटाटोप! खर्चाचा हिशेब घातला तर चादरी, पुठ्ठे आणि पट्टे मिळून फार काही जात नाही. जातो तो वेळ, आणि उचलणाऱ्यांना चार वेळा सांगण्याचा धीर. बिऱ्हाड हलवताना म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच काम येते, ‘तुम्ही तिकडे बसा.’ त्या दिवशी सर्वणला काका बसले नव्हते. कुठली पेटी कुठे, कुठला पट्टा कसा, हे त्यांनीच सांगितले आणि सगळ्यांनी ऐकले. तुमच्या घरीही यंदा असा बेत असेल, तर पुठ्ठे आत्तापासून जमवायला लागा. आणि उचलताना मोजायचे कोणत्या भाषेत, ते आदल्या रात्रीच ठरवून टाका!